कुंडलिनीवाल्या अक्का

"पोट साफ होतं का?"

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतला तो अंधारा लाकडी जिना चढून वर आलेल्या प्रत्येकाला अक्का आधी एवढंच विचारायच्या. समोरचा कोण, किती मोठा, किती लांबून आलेला, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. एकदा एक कापसाच्या जिनिंगवाले शेठ आले होते. बोटांत खड्यांच्या अंगठ्या, बरोबर ड्रायव्हर. मूलाधार चक्रापाशी आपल्याला हालचाल जाणवते, असं त्यांचं म्हणणं होतं. अक्कांनी त्यांना सतरंजीवर बसवलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि आम्हा सगळ्यांसमोर हाच प्रश्न टाकला. शेठजींचे कान लाल झाले.

"तसा थोडा त्रास आहे," ते पुटपुटले.

"मग ती हालचाल कसली आहे ते तुम्हाला कळलंच असेल. रात्रीचं जेवण हलकं करा, सकाळी उठून पायी फिरा आणि पुढच्या रविवारी या. ड्रायव्हरला घरी ठेवून या."

शेठजी पुढच्या रविवारी खरंच पायी आले आणि पुढे बरीच वर्षं येत राहिले.

अक्का म्हणजे मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रिलच्या बाई. उंच, हाडापेराने मजबूत, साडी घोट्याच्या वर नेसलेली आणि पायात खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. शाळा सुटली तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. मूळच्या भडगावकडच्या. आमच्याशी शाळेतल्या बाईंसारखं नेटकं मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा माया आली की तोंडातून सरळ गावाकडची बोली निघायची. त्यामुळे अक्कांचं अहिराणी सुरू झालं की राग आहे की माया, हे आधी चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागे.

त्यांच्या वर्गात देवाचा फोटो नव्हता, उदबत्ती नव्हती. शाळेने मोडीत काढलेला एक फळा भिंतीला टेकवून ठेवलेला असे, त्यावर त्या खडूने पाठीचा कणा काढून दाखवायच्या. गावात त्यांना सगळे 'कुंडलिनीवाल्या अक्का' म्हणत. नवा कोणी आला की उत्सुकतेने विचारायचा, "अक्का, ती सर्पिणी खरंच दिसते का हो?"

"साप बघायचा असेल तर पांझरेच्या काठी जा," अक्का म्हणायच्या. "इथे पाठ सरळ ठेवायला शिकवतात."

क्रिकेटचं त्यांना विलक्षण वेड. सामना असेल त्या दिवशी रेडिओ खिडकीत बारीक आवाजात चालू असे आणि वर्गही चालू असे. आम्ही डोळे मिटून बसलेले, अक्का संथ आवाजात सांगतायत, "श्वास सोडा... हळू... आणखी हळू... कुठे ताण नको... अरे मेल्या, तो बॉल सोडायचा होता!" मग बराच वेळ कोणाचंच ध्यान लागायचं नाही. कोणी हसलं तर त्यांना कळायचंच नाही की हसण्यासारखं काय झालं.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती मी पार मोडून गेले होते तेव्हा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जळगावला राहत होतो. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होते. नवरा भुसावळला रेल्वेत, रोज जाऊन येऊन करायचा. त्या हिवाळ्यात माझे वडील गेले. मला रडूच आलं नाही. तेराव्यापर्यंत सगळं यंत्रासारखं केलं, ऑफिसला जाऊ लागले, पण आत काहीतरी घट्ट बसून राहिलं होतं. बसस्टँडवरच्या स्टॉलवर एक पातळ पुस्तक दिसलं. मुखपृष्ठावर मांडी घालून बसलेला माणूस, त्याच्या पाठीतून वर चढणारा निळा प्रकाश. मी ते घेतलं.

घर उठायच्या आधी स्वयंपाकघरात पाट टाकून बसायचं आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे करायचं, असं मी सुरू केलं. भात्यासारखा जोरजोरात श्वास, मग तो कोंडून धरायचा. जितका जास्त कोंडाल तितकं लवकर फळ, असं पुस्तकात होतं. सुरुवातीला इतकं हलकं वाटायचं की टायपिंग करतानाही हसू यायचं. मग पाठीतून ऊन वाहायला लागलं. मग हात थरथरायला लागले. साहेबांच्या पत्रात अक्षरांवर अक्षरं पडू लागली. झोप गेली. दुपारी भर ऑफिसात असं वाटायचं की आता या क्षणी आपण मरणार. आणि ज्या रडण्यासाठी मी बसले होते ते आता कुठेही यायचं. भाजीच्या गाडीपाशी, एसटीत, कपडे वाळत घालताना.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, हा अभ्यास गुरूशिवाय करू नये. ते मी नंतर वाचलं.

डॉक्टरांनी तपासून, सगळं ठीक आहे, म्हणत झोपेच्या गोळ्या दिल्या. सासूबाईंना बाहेरचं काही असेल अशी शंका आली. मी मात्र गुरू शोधायला लागले. जळगावातच एक मिळाले. त्यांनी माझी हकिकत ऐकली, डोळे मिटले आणि म्हणाले, "शक्ती जागी झालीय. आता विचारू नका, फक्त समर्पण करा." समर्पण म्हणजे नक्की काय करायचं, हे विचारलं तर तेच विचारणं झालं. भुसावळला दुसरे होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन इतका वेळ ठेवला की नवऱ्यानेच उठून 'चल' म्हटलं.

शेवटी ऑफिसातली धुळ्याची एक मैत्रीण म्हणाली, "आमच्या शाळेत ड्रिलच्या बाई होत्या. आता हेच शिकवतात म्हणे. विक्षिप्त आहेत, पण तू एकदा जाऊन तर ये."

एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचेपर्यंत मी अर्धमेली झाले होते. वर गेले, प्रश्न झाला, उत्तर दिलं. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ऊन, थरथर, रडणं, भीती. मनात कुठेतरी वाटत होतं की या म्हणतील, बाई, तुझं फार पुढे गेलंय. अक्का पाठमोऱ्या बसून वांगी भाजत होत्या.

"माय, तुले झोप लागस का?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही."

"आठे बस. आधी जेव."

समोर भरीत आलं, हिरव्या मिरचीचं, वर कच्चं तेल, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पुस्तकात तिखट वर्ज्य होतं. मी घाबरत विचारलं, "योगाभ्यासात मिरची चालते?"

"तुला झोप लागत नाही, हात कापतायत, आणि तू मिरचीची चौकशी करतेस?"

मी जेवले. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. हात धुऊन आल्यावर त्या म्हणाल्या, "आता ऐक. ते पुस्तक बंद. श्वास कोंडणं बंद. मी सांगेपर्यंत डोळे फक्त झोपायला मिटायचे. ध्यानाला मिटलेले कळले तर जिन्यावरून खाली ढकलीन."

"मग मी करायचं काय?"

त्यांनी मला गच्चीवर नेलं आणि कठड्यापाशी उभं केलं. "काय दिसतं?"

"गल्ली."

"गल्लीत?"

"माणसं."

"काय करतायत?"

मला राग आला. मी मोक्षाच्या वाटेवर निघालेली बाई आणि ही मला बालवाडीत बसवतेय. तरी सांगत गेले. एक म्हातारा सायकलची चेन बसवतोय. एक बाई दारात गहू पाखडतेय. गाढव उभं आहे. अक्का मधूनमधून चूक काढायच्या. "गाढव नुसतं उभं नाही, तीन पायांवर भार देऊन उभं आहे. नीट बघ." असं कितीतरी वेळ चाललं. उतरताना माझ्या लक्षात आलं की तेवढ्या वेळात मरणाची आठवण एकदाही आली नव्हती.

त्यानंतर मी दर रविवारी धुळ्याला जायला लागले. कित्येक महिने त्यांनी मला योगातलं काही म्हणून शिकवलं नाही. कणीक मळायला लावली, दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, अनवाणी गच्ची धुवायला लावली. घरी सासूबाई अस्वस्थ होत्या. विवाहित बाई दर रविवारी एकटी परगावी जाते आणि गच्ची धुऊन येते, हे त्यांच्या डोक्यात बसेना. एका रविवारी त्या तपास करायला माझ्याबरोबरच आल्या. अक्कांनी त्यांना पहिला प्रश्न विचारला आणि सासूबाईंचा चेहरा उजळला. आयुष्यात त्यांना हे इतक्या आस्थेने कोणी विचारलंच नव्हतं. दोघी दुपारभर त्यावरच बोलत बसल्या. परतताना सासूबाई म्हणाल्या, "बाई चांगली आहे. तू जात जा."

झोप परत आली. हात स्थिर झाले. एकदा गच्ची धुताना वडील आठवले आणि मी झाडू टाकून मनसोक्त रडले. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या, बघितलं आणि आत गेल्या. पुढच्या रविवारी त्यांनी मला पहिल्यांदा वर्गात बसवलं. साधा श्वास, आत आणि बाहेर, जोर नाही, कोंडणं नाही.

आमच्या वर्गात एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. कापड दुकानदाराचा धाकटा मुलगा. तल्लख, हसरा, पाठांतर जबरदस्त. फळ्यावर अक्का एक नाडी काढायच्या तोवर हा बाकीच्यांची नावं सांगून मोकळा. त्याला सगळ्याची घाई असायची. अक्का त्याला सारख्या मागे ओढायच्या आणि तो चिडायचा. मग एका बड्या महाराजांचं शिबिर जळगावला लागलं. मैदानावर मांडव, हजारोंची गर्दी, स्पर्शाने शक्ती जागी करणार म्हणून बोलबाला. तो गेला. परत आला तो वेगळाच होऊन.

मी त्याला त्यानंतर एकदा वर्गात पाहिलं. डोळे चमकत होते, बोलणं थांबत नव्हतं. आपल्याला लोकांच्या मनातलं ऐकू येतं, असं म्हणत होता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटला. मी इतके महिने दोरीवरच्या उड्या मारतेय आणि याला एका स्पर्शात मिळालं. अक्कांनी त्याला थांबायला सांगितलं, पण तो हसून निघून गेला. मग बातम्या येऊ लागल्या. तो झोपत नाही. तो जेवत नाही. त्याच्या घरी लोक नारळ घेऊन येतायत. त्याची आई स्वतः त्याच्या पाया पडते.

एका रविवारी मी जिना चढत होते तर अक्का वरून उतरतच होत्या. "आज वर्ग नाही," त्या म्हणाल्या. "तू चल माझ्यासोबत."

रिक्षात बसल्यावर कळलं. त्याने जाहीर केलं होतं की आज सकाळी तो नकाणे तलावावर जाणार आणि पाण्यावरून चालून दाखवणार.

त्याच्या घरासमोर ही गर्दी. झेंडूच्या माळा लावलेला टेम्पो उभा, टाळ वाजतायत, बायका ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या. तो ओट्यावर होता, अंगावर नुसतं धोतर, छातीच्या बरगड्या मोजाव्यात अशा दिसत होत्या. गर्दी इतकी की आम्हाला पाऊल टाकता येईना. अक्कांनी एकदा सगळीकडे पाहिलं, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन फुंकली.

टाळ थांबले.

"रांगा करा!" अक्का ओरडल्या. "एक हात अंतर! मध्ये वाट सोडा!"

त्या गर्दीतल्या निम्म्या बायका कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कोणी विचार केला नाही. पदर सावरत, ताटं सांभाळत त्या भराभर दोन्ही बाजूंना सरकल्या. एकीने तर शेजारणीच्या खांद्याला हात लावून अंतरही मोजलं. त्यांच्याकडे बघून पुरुषही सरकले. मधल्या वाटेने अक्का चालत गेल्या, मी मागे.

"अक्का! बघायला आलात ना?" तो आनंदाने म्हणाला. "पाण्याला आता माझं वजनच कळत नाही. मला सगळं कळतंय अक्का, सगळं एकदम कळतंय, तुम्ही जे एवढी वर्षं शिकवता ना, ते..."

"बस माझ्यासमोर," अक्का म्हणाल्या आणि स्वतः ओट्यावर मांडी घालून बसल्या. तोही बसला. "एक श्वास घे आणि सोड. एकच. गप्प राहून."

त्याने घेतला. अर्ध्यावर हसला, बोलू लागला. अक्कांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याचे ओठच कापायला लागले.

"ज्याचं जागं होतं ना, त्याला गप्प बसता येतं," अक्का इतक्या हळू बोलल्या की मागे उभी असूनही मला जेमतेम ऐकू आलं. "तुला येत नाहीये. तू दमलायस बाळा."

त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "खूप दमलोय अक्का," तो म्हणाला. "थांबतच नाहीये ते."

अक्कांनी त्याचं मनगट धरलं आणि उभं केलं. तेवढ्यात त्याची आई आडवी आली. "कुठे नेताय? माझ्या लेकाला देवाने निवडलंय. तुम्ही इतकी वर्षं घासलीत, तुम्हाला काही मिळालं नाही, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या!"

सगळे ऐकत होते. अक्का म्हणाल्या, "नाही मिळालं, खरं आहे. पण हा आजारी आहे. आधी डॉक्टरकडे जाऊन येऊ. देव असेल तर तो दवाखान्याच्या दारातून परत जाणार नाही."

आई रडत, शिव्या देत होती. तोवर खांबाशी गप्प उभे असलेले मुलाचे वडील पुढे झाले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर शाल टाकली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "रिक्षा कुठे आहे?"

मनाच्या आजारांच्या डॉक्टरांनी त्याला लगेच दाखल करून घेतलं. इंजेक्शनने तो झोपला. वडील आत त्याच्या उशाशी बसले. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. अक्कांच्या पांढऱ्या बुटांवर गर्दीच्या पायांचे चिखलाचे ठसे होते. त्या ते पुसत नव्हत्या, याचंच मला नवल वाटत होतं.

"माझा थोरला भाऊ असाच होता," त्या अचानक म्हणाल्या. "भडगावला. नदीकाठी एक साधू उतरला होता, त्याच्याजवळ काही शिकला. मग झोपेना, जेवेना. सगळं गाव पाया पडायला लागलं. आम्ही काय गरीब माणसं, एकदम घराला मान आला. आई त्याच्या पायाचं तीर्थ घ्यायची. मग एक दिवस तो म्हणाला, गिरणामाईने बोलावलंय. नदीला पूर होता. सगळे वाजतगाजत काठावर गेलो. तो चालत पाण्यात शिरला. गुडघाभर, कंबरभर. वळून आमच्याकडे बघून हसला. मी टाळ वाजवत होते. मला वाटलं, आता तो वर येणार, पाण्यावर उभा राहणार. तो दिसेनासा झाला तरी आम्ही कितीतरी वेळ वाजवतच होतो."

मी बाकावर त्यांच्या जवळ सरकले.

"त्याला काय दिसलं होतं ते मला बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून या अभ्यासाच्या मागे लागले. ज्याने त्याने जे सांगितलं ते केलं. हरिद्वारला जाऊन आले. उभं आयुष्य झालं. मला आजवर काहीच दिसलं नाही गं. पाठीत एक मुंगीसुद्धा चालली नाही."

"मग अक्का, तुम्ही आम्हाला शिकवता काय?"

मी हे विचारायला नको होतं असं वाटलं, पण त्यांना राग आला नाही.

"आत जायचं कसं ते सांगणारे पुष्कळ आहेत. परत यायचं कसं तेवढं मी सांगते. तेवढंच येतं मला."

त्या घटनेनंतर गावात अक्कांचं नाव खराब झालं. त्यांनी मत्सराने सिद्ध पुरुषाला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं, असं लोक उघड बोलत. वर्ग निम्म्यावर आला. स्वतःच कबूल केलंय की काही मिळालं नाही, मग अशा बाईकडे जायचं कशाला, हेही बरोबरच होतं. माझ्याही मनात आलं होतं. मी गुरू शोधत निघाले होते आणि मला सापडली होती ती दारातच उभी राहिलेली बाई. पण एसटीत बसले की पावलं चौथ्या गल्लीकडेच वळायची.

तो मुलगा काही महिन्यांनी आला. गोळ्यांनी अंगाने सुटलेला, बोलणं जड झालेलं. जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभा राहून म्हणाला, "अक्का, तेव्हा सगळं इतकं उजळ होतं. आता सगळं राखेसारखं आहे. तुम्ही काढून घेतलंत माझं."

"हो," अक्का म्हणाल्या. "काढून घेतलं."

त्यांनी समजूत घातली नाही, की मी तुला वाचवलं असं म्हणाल्या नाहीत. त्याने पुन्हा श्वासाचा अभ्यास शिकवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा मात्र कडक झाल्या. "हा अभ्यास तुझ्यासाठी नाही. आज नाही, कधीच नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत. सकाळी माझ्याबरोबर चालायला ये." तो रागाने गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मग पांझरेच्या पुलावरून रोज ती जोडी दिसू लागली, पांढऱ्या बुटांतली उंच बाई आणि तिच्या मागे पाय ओढत चालणारा तरुण. हळूहळू पाय ओढणं कमी झालं. गोळ्या कमी झाल्या, पुन्हा वाढल्या, पुन्हा कमी झाल्या. त्याने डिग्री पूर्ण केली नाही, पण वडिलांच्या दुकानात बसायला लागला. गिऱ्हाइकाला कापड उलगडून दाखवताना पूर्वीसारखा हसायचा. त्याची आई अक्कांशी शेवटपर्यंत बोलली नाही. सणाला एक डबा मात्र यायचा. कोणी पाठवला ते सांगायचं नाही, अशी नोकराला ताकीद असावी, कारण तो दारात ठेवून पळायचा. अक्का त्यातलं सगळं खायच्या आणि म्हणायच्या, "पुरणात वेलची जास्त घालते ही बाई."

माझा अभ्यास चालू राहिला. पुस्तकातला निळा प्रकाश मी केव्हाच विसरले होते. मुलगी झाली, तिला घेऊन जायला लागले. ती अक्कांच्या गच्चीवरच चालायला शिकली. अक्का आता थकल्या होत्या. दोरीवरच्या उड्या बंद झाल्या, वर्ग बसूनच घ्यायच्या.

एका हिवाळ्यात, जळगावला आमच्या घरी, सकाळी नेहमीसारखी बसले होते. नवरा दाढी करत होता, शेजारी कुकरची शिट्टी झाली. श्वास बारीक होत गेला आणि मग कमरेपासून काहीतरी अगदी सावकाश वर आलं, दूध तापताना साय वर यावी तसं. प्रकाश नाही, आवाज नाही. कुकर ऐकू येत होता, दाढीचं पाणी ऐकू येत होतं, पण ते ऐकणारी मी कुठे सापडत नव्हते. किती वेळ ते कळलं नाही. मुलीने येऊन वेणी घालायला सांगितली आणि मी घातली.

रविवारी वर्ग संपल्यावर सगळे गेले. अक्का शेंगा सोलत होत्या. मी जे झालं ते थोडक्यात सांगितलं. त्या नेहमीसारख्या "बरं" म्हणाल्या आणि सोललेले दाणे घेऊन आत गेल्या. आत नळ सुरू झाला. मग बंद झाला. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या, गुडघ्यांवर हात टेकत माझ्या अगदी जवळ सतरंजीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असा संकोच मी कधी पाहिला नव्हता.

"कसं व्हतं वं माय ते?" त्या म्हणाल्या. "सांग ना माले. बठ्ठं सांग."

मी सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून, काही न गाळता. त्या मान पुढे करून ऐकत होत्या. मी थांबले की म्हणायच्या, "मग?" सांगण्यासारखं संपलं, तरी त्या वाट बघत होत्या.

"भीती वाटली?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही अक्का. कोणीतरी घरी आणून सोडावं तसं वाटलं."

त्या खिडकीकडे बघत राहिल्या. गल्लीत कोणीतरी बादली ओढत होतं.

"म्हणजे भाऊ भ्यालेला नसेल," त्या म्हणाल्या.

त्यांच्या भावाला जे झालं ते हेच होतं की त्या मुलासारखा आजार, हे मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं, आणि माझ्यापेक्षा त्या कितीतरी जास्त जाणत होत्या. त्या माझ्याकडे वळल्या. त्या क्षणी त्या माझ्या गुरू नव्हत्या, ड्रिलच्या बाई नव्हत्या, कोणीच नव्हत्या, काठावर उभी असलेली एक मुलगी होती.

"नाही भ्याला अक्का," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि माझी संध्याकाळची एसटी निघून गेली तरी सोडला नाही.